प्रकाशाचा उपासक : नील्स फिन्सन

युरोप खंडाच्या उत्तरेस, अटलांटिक महासागरात फॅरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. चोहोंकडे खवळलेला समुद्र, उंच खडकाळ कडे, कड्यांवर चरणाऱ्या मेंढ्या आणि बहुतेक दिवस ढगांनी झाकोळलेले आकाश, असे तेथील दृश्य. उन्हाळ्यात तेथे पुरता काळोख असा होतच नाही. परंतु ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो, आणि तेवढ्या वेळातही सूर्यदर्शन घडेलच असा भरवसा नसतो. जेथे ऊन विपुल, तेथील माणूस सावली शोधतो. जेथे ऊन दुर्मिळ, तेथील माणसाला उन्हाचे खरे मोल कळते. प्रकाशाला औषधाची योग्यता मिळवून देणारे नील्स फिन्सन हे उन्हाला पारख्या झालेल्या याच भूमीत जन्मले.

फॅरो बेटांच्या तोर्सहाव्न या मुख्य गावी 15 डिसेंबर 1860 रोजी नील्सचा जन्म झाला. ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडत, आणि नील्सचे वडील हान्नेस फिन्सन हे तेथे सरकारी अधिकारी होते. त्यांचे घराणे मूळचे आइसलंडचे. नील्स अवघा चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे त्याला शिक्षणासाठी डेन्मार्कमधील एका निवासी शाळेत पाठविण्यात आले. परंतु तेथे त्याचे मन रमले नाही आणि अभ्यासातही त्याची प्रगती दिसेना. मुलगा स्वभावाने चांगला आहे, पण बुद्धीने मंद आणि उत्साहाने कमी आहे, असा अभिप्राय तेथील मुख्याध्यापकांनी दिला. अखेर 1876 साली वडिलांनी त्याला आइसलंडमधील रेक्याविक येथे, ज्या शाळेत ते स्वतः शिकले होते तेथेच घातले. तेथे त्याची गाडी रुळावर आली. तो काही पहिला आला नाही. पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा लागला. मुख्याध्यापकांचा तो अभिप्राय काळाने खोटा ठरविला, परंतु त्याला अनेक वर्षे लागली.

1882 साली फिन्सन वैद्यकाच्या अभ्यासासाठी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे आले. तरुण वय, नवे शहर, आवडीचा विषय, सारे काही अनुकूल होते. परंतु याच सुमारास एका असाध्य रोगाने त्यांना ग्रासले. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्या भोवतालची आवरणे हळूहळू जाड व कठीण होऊ लागली. पोटात पाणी साठू लागले. थोड्या श्रमानेही थकवा येई. हा रोग बरा होणारा नव्हता, आणि वैद्यकाचा विद्यार्थी असल्यामुळे त्यांना हे इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळत होते.

विद्यार्थिदशेत फिन्सन ज्या खोलीत राहत, तिचे तोंड उत्तरेकडे होते. त्या खोलीत ऊन म्हणून येत नसे. तेथे बसले की त्यांना उदास आणि गळून गेल्यासारखे वाटे. उन्हात थोडे हिंडून आले की तरतरी वाटे. हा केवळ मनाचा खेळ, की प्रकाशाचा शरीरावर खरोखरच काही परिणाम होतो? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. एके दिवशी त्यांना खिडकीतून समोरच्या छपरावर एक मांजर उन्हात पहुडलेले दिसले. सूर्य कलला आणि सावली मांजराच्या अंगावर आली. मांजर उठले, थोडे पुढे सरकले आणि पुन्हा उन्हात निजले. सावली पुन्हा आली, मांजर पुन्हा सरकले. हे दृश्य हजारो लोकांनी पाहिले असेल. परंतु त्यामागे काही कारण असले पाहिजे, असे फिन्सन यांना वाटले, आणि ते शोधून काढावयाचे त्यांनी ठरविले.

सूर्याचा पांढरा प्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग वेगळे होतात, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. 1801 साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. प्रकाशाने काळे पडणारे चांदीचे क्षार त्याने या रंगपट्ट्यात ठेवले. तेव्हा जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ते सर्वांत लवकर काळे पडले. डोळ्यांना न दिसणाऱ्या या किरणांना अतिनील किरण म्हणतात. पुढे 1877 साली डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाश सूक्ष्म जंतूंना मारक आहे, हे सिद्ध केले. हे सारे तुकडे विखुरलेले होते. त्यांतून रोग्याच्या उपयोगी पडेल असे काही घडविणे, हे काम अद्याप कोणी हाती घेतले नव्हते.

1890 च्या सुमारास फिन्सन वैद्यकाचे पदवीधर झाले आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. 1892 साली इंगेबोर्ग बाल्सलेव्ह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोकरी स्थिर होती, संसार नुकताच मांडला होता, आणि शरीर तर दिवसेंदिवस खचत होते. अशा स्थितीत कोणीही सुरक्षित मार्ग धरला असता. परंतु आपल्या वाट्याला आयुष्य थोडे आहे, हे फिन्सन यांनी ओळखले होते. 1893 साली त्यांनी अध्यापनाचे काम सोडले आणि उरलेले सर्व दिवस प्रकाशाच्या अभ्यासाला वाहिले.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे पुष्कळदा त्यांचे स्वतःचेच शरीर असे. एकदा त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा एक रुंद पट्टा ओढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन टाकली. शाईखालची कातडी पूर्वीसारखीच गोरी होती. पण तिच्या दोन्ही बाजूंची कातडी लाल होऊन झोंबू लागली आणि काही दिवसांनी ती तपकिरी झाली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटा प्रकार घडला. पूर्वी झाकलेला गोरा पट्टा लालबुंद झाला, आणि तपकिरी झालेल्या भागाला मात्र फारसे काही झाले नाही. उन्हाने कातडीला इजा होते, आणि त्याच उन्हापासून बचाव करण्यासाठी कातडी आपले रंगद्रव्य निर्माण करते, ही गोष्ट एका हाताने, थोड्याशा शाईने आणि दोन दिवसांच्या उन्हाने सिद्ध झाली.

कातडी हे काम कसे करते, याचा उलगडा मात्र फिन्सन यांच्या पश्चात झाला. आपले शरीर मुख्यत्वे प्रथिनांचे बनलेले यंत्र आहे. मण्यांची माळ असावी तशी प्रत्येक प्रथिनात लहान लहान घटकांची साखळी असते. या घटकांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन ही दोन आम्ले अतिनील किरण विशेषेकरून शोषून घेतात. 280 नॅनोमीटरच्या आसपास लहरलांबी असलेले किरण ती सर्वांत अधिक शोषतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. किरण शोषला की त्याची शक्ती त्या प्रथिनात शिरते. कधी ती उष्णता होऊन निघून जाते, तर कधी साखळीतील दुवे बिघडवून टाकते. डोळ्याच्या भिंगातील प्रथिनांना वर्षानुवर्षे अशी इजा होत राहिली, तर मोतीबिंदू होण्यास ती हातभार लावते. कातडीला ताठपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिनही अति उन्हाने झिजते आणि अकाली सुरकुत्या पडतात.

परंतु प्रथिने केवळ इजा सोसत नाहीत; ती संरक्षणही करतात. पेशींच्या गाभ्यात वंशसूत्रांचा धागा असतो. अतिनील किरणांनी त्यात बिघाड झाला, की काही प्रथिने तो बिघाड हुडकून दुरुस्त करतात. एक प्रथिन तर दुरुस्ती होईपर्यंत पेशीची वाढ थांबवून धरते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीचा अंत घडवून आणते. टायरोसिनेज नावाचे आणखी एक प्रथिन टायरोसीनपासून मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य तयार करण्याचे काम करते. हे रंगद्रव्य पेशींच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरते आणि किरणांना वरच्या वर अडवते. फिन्सन यांच्या हातावर जी तपकिरी छटा उमटली, ती या छत्रीचीच होती.

प्रकाश कातडीला इजा करू शकतो, हे कळल्यावर फिन्सन यांचे लक्ष देवीच्या रोग्यांकडे गेले. निळे, जांभळे व अतिनील किरण वगळून रोग्याला केवळ तांबड्या प्रकाशात ठेवले, तर देवीचे व्रण कमी खोल पडतील, असे त्यांना वाटले. 1893 साली नॉर्वेतील बर्गेन शहरी ही कल्पना वापरून पाहण्यात आली, आणि आरंभी तिचा गवगवाही पुष्कळ झाला. परंतु पुढे ही पद्धत टिकली नाही. देवीचा रोग जगातून गेला तो लसीमुळे. 1980 साली तो नाहीसा झाल्याची घोषणा झाली. तथापि या प्रयत्नाने फिन्सन यांना पुढची वाट दाखविली. जे किरण इजा करतात, त्यांच्याच इजेचा रोग्याला उपयोग करून देता येईल काय, असा विचार त्यांनी सुरू केला.

त्या काळी युरोपात त्वचेच्या क्षयाने हजारो लोक पीडलेले होते. क्षयाचे जंतू चेहऱ्याच्या कातडीत ठाण मांडून बसत आणि नाक, ओठ, गाल यांचा हळूहळू नाश करीत. लांडग्याने लचके तोडावेत तसा चेहरा दिसे. म्हणून या रोगाला लांडगा या अर्थाचे ल्युपस असे लॅटिन नाव पडले होते. असे रोगी तोंड झाकून फिरत. त्यांना कोणी कामावर ठेवीत नसे, जवळही बसू देत नसे. शस्त्राने कापणे, डागणे, तीव्र औषधांनी जाळणे, असे उपाय करूनही रोग पुन्हा उलटत असे. हा रोग जंतूंमुळे होतो आणि प्रकाश जंतूंना मारतो. तर मग प्रकाशानेच हा रोग का बरा होऊ नये, असा विचार फिन्सन यांनी केला.

विचार सोपा होता; परंतु त्यात एक मोठी अडचण होती. रोगाचे जंतू कातडीच्या आत खोल दडलेले, आणि प्रकाश तर वरच्या वर अडे. तो कोठे अडतो, हे शोधण्यासाठी फिन्सन यांनी एक सुंदर प्रयोग केला. कानाच्या पाळीच्या मागे त्यांनी छायाचित्राचा कागद ठेवला आणि पुढून निळा-जांभळा प्रकाश सोडला. पाच मिनिटे झाली, तरी कागद काळा पडला नाही. मग त्यांनी तीच पाळी दोन काचांमध्ये इतकी दाबली, की तिच्यातील रक्त निघून ती पांढरी पडली. आता अवघ्या वीस सेकंदांत कागद काळा झाला! प्रकाशाची वाट अडविणारा पहारेकरी सापडला. तो म्हणजे रक्त. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हेही शरीराचे एक प्रथिनच आहे, आणि ते निळे व जांभळे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. म्हणजे कातडी दाबून रक्त बाजूला सारले, की प्रकाशाला आत जाण्याचा मार्ग मोकळा होणार होता.

आता प्रकाश कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरला. आरंभी फिन्सन यांनी मोठ्या भिंगांनी सूर्यप्रकाश एकवटला आणि त्यातील उष्णता गाळण्यासाठी निळे द्रावण वापरले. परंतु डेन्मार्कच्या सूर्यावर विसंबून रोग्यावर नेमाने उपचार करणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये प्रखर ज्योत निर्माण करणारा विजेचा दिवा घेतला. नोव्हेंबर 1895 मध्ये कोपनहेगनच्या वीज केंद्रात पहिल्या रोग्यावर उपचार सुरू झाले. हा रोगी व्यवसायाने अभियंता होता. अनेक वर्षे नाना उपाय करून तो थकून गेला होता. दिवसामागून दिवस त्याच्या चेहऱ्यावर त्या दिव्याचा प्रकाश पाडण्यात आला, आणि काही महिन्यांत त्याच्या जखमा भरून आल्या.

ही वार्ता सर्वत्र पसरली. 1896 साली काही उदार नागरिकांच्या साहाय्याने कोपनहेगन येथे फिन्सन यांची प्रकाशोपचार संस्था स्थापन झाली. तेथील दृश्य मोठे विलक्षण असे. मधोमध प्रखर दिवा लोंबत असे, आणि त्याच्यापासून चारी दिशांना दुर्बिणीसारख्या नळ्या निघत. प्रत्येक नळीखाली एक रोगी निजलेला आणि त्याच्या उशाशी एक परिचारिका बसलेली असे. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा असे, आणि हातात स्फटिकाचे एक लहान पोकळ भिंग असे. भिंगातून सतत थंड पाणी खेळत असे, त्यामुळे कातडी भाजत नसे. आणि ते भिंग दाबून धरल्याने त्या जागेचे रक्त बाजूला सरे. एका वेळी लहान नाण्याएवढ्या जागेवर सुमारे तासभर हा उपचार चाले. चेहरा पुरा व्हावयास महिनेच्या महिने लागत. असे काम केवळ यंत्राने होत नाही. त्याला परिचारिकांची ममता आणि रोग्यांचा धीर यांची जोड लागते. ती जोड तेथे होती. शेकडो स्त्री-पुरुष तोंड झाकून त्या संस्थेत आले आणि उघड्या तोंडाने घरी परत गेले. इंग्लंडचे युवराज्ञीपद भूषविणाऱ्या डेन्मार्कच्या राजकन्या अलेक्झांड्रा यांच्या पुढाकाराने 1900 साली असा दिवा लंडनच्या रुग्णालयातही पोहोचला.

दुसऱ्यांचे चेहरे उजळविणाऱ्या फिन्सन यांचे स्वतःचे शरीर मात्र मावळत चालले होते. पोटातील पाणी वारंवार काढावे लागे. पुढे पुढे त्यांना चालवेना. चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागे. तरीही त्यांनी आपल्या रोगाकडे रडगाणे म्हणून पाहिले नाही, तर अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. आपण किती खातो, किती पितो, शरीरात मीठ व पाणी किती साठते, याची ते काटेकोर मोजदाद ठेवीत. आहारातील मीठ व पाणी कमी केल्याने आराम पडतो, असे त्यांना आढळले. शरीरात मीठ कसे साठते, याविषयीचा त्यांचा निबंध 1904 साली प्रसिद्ध झाला. तो त्यांचा अखेरचा निबंध होय.

1903 साली प्रकाशोपचारावरील कार्याबद्दल त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले डेन्मार्कवासी होत. आदल्याच वर्षी हे पारितोषिक रोनाल्ड रॉस यांना भारतात राहून हिवतापावर केलेल्या संशोधनाबद्दल मिळाले होते. पारितोषिक स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमला जाण्याचे त्राण फिन्सन यांच्या अंगी उरले नव्हते. मिळालेल्या धनातील मोठा भाग त्यांनी आपली प्रकाशोपचार संस्था आणि हृदय व यकृत यांच्या रोग्यांसाठी काढलेले रुग्णालय यांना देऊन टाकला. 24 सप्टेंबर 1904 रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 43 वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर विज्ञान पुढे गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास क्षयाच्या जंतूंवर गुणकारी औषधे निघाली आणि फिन्सन यांचे दिवे विझले. 2005 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ती जुनी साधने तपासून पाहिली. तेव्हा एक नवल आढळले. त्या साधनांतील भिंगे आणि निळ्या द्रावणाच्या गाळण्या 340 नॅनोमीटरहून लहान लहरलांबीचे अतिनील किरण अडवीत होत्या. म्हणजे ज्या किरणांवर फिन्सन यांची मुख्य भिस्त होती, ते रोग्यापर्यंत पोहोचतच नव्हते! मग रोगी बरे कसे झाले? क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. उरलेले अतिनील व निळे किरण ती शोषून घेतात आणि त्यामुळे अतिशय तीव्र स्वरूपाचा ऑक्सिजन निर्माण होतो. तोच जंतूंचा नाश करीत असावा, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. फिन्सन यांचे कारण काही अंशी चुकले होते. परंतु त्यांचे निरीक्षण खरे होते आणि रोगी खरोखरच बरे झाले होते.

प्रकाशाने रोग हटविण्याची त्यांची कल्पनाही मावळली नाही. नवजात बालकाला कावीळ झाली, तर आजही त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. काही त्वचारोगांवर अतिनील किरणांचा बेताचा उपचार आजही करतात. बेताचा म्हणण्याचे कारण असे की, तेच किरण अति झाले तर कातडीचा कर्करोगही उद्भवू शकतो. ऊन मित्र आहे आणि आगही आहे; किती ऊन घ्यावे आणि केव्हा सावली धरावी, हे ठरविण्यासाठी ज्ञान लागते.

कोपनहेगन शहरात फिन्सन यांच्या स्मरणार्थ एक शिल्प उभारलेले आहे. त्यातील माणसे हात उंच करून आकाशाकडे पाहत आहेत. त्या शिल्पाचे नाव प्रकाशाकडे असे आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या अंधाऱ्या खोलीत राहणारा एक आजारी विद्यार्थी आयुष्यभर त्याच दिशेने चालत राहिला, आणि जाताना आपल्यासारख्या असंख्य पीडितांना आपल्याबरोबर घेऊन गेला.